गणवेश उतरल्यानंतरचे कर्तव्य

सैनिकाने आज्ञा पाळावी आणि लोकप्रतिनिधीने प्रश्न विचारावेत, ही लोकशाहीतील कामाची वाटणी वरकरणी सोपी दिसते. ज्याच्या हाती शस्त्र आहे त्याने राजकारणापासून दूर राहावे, आणि ज्याच्या हाती राज्यकारभार आहे त्याने शस्त्र धारण करणाऱ्याच्या गरजा ओळखून त्या भागवाव्यात, हा दंडक भारताने स्वातंत्र्यापासून कटाक्षाने पाळला. शेजारच्या पाकिस्तानात १९५८, १९७७ आणि १९९९ साली सेनाधिकाऱ्यांनी सत्ता हाती घेतली. भारतात तशी वेळ कधी आली नाही. राज्यघटनेच्या ३३ व्या अनुच्छेदाने सैनिकांच्या मूलभूत हक्कांवर मर्यादा घालण्याचा अधिकार संसदेला दिला आणि १९५० च्या लष्कर कायद्याने सेवेत असलेल्या सैनिकाला राजकीय सभासंमेलनांपासून दूर ठेवले. त्याला मत देता येते. मत मागता येत नाही.

गणवेश उतरल्यानंतर मात्र हे बंधन राहत नाही. निवृत्त अधिकारी हा इतरांसारखाच नागरिक असतो, आणि त्याने निवडणूक लढवावी यात गैर काही नाही. बांगला देशाच्या मुक्तिसंग्रामात ज्यांच्यापुढे पाकिस्तानी सैन्याने शरणागती पत्करली ते लेफ्टनंट जनरल जगजितसिंग अरोरा १९८६ साली राज्यसभेत गेले. माजी लष्करप्रमुख शंकर रॉयचौधरी १९९९ ते २००५ या काळात राज्यसभेचे सदस्य होते. मेजर जसवंतसिंग यांनी तर परराष्ट्र आणि अर्थ ही दोन्ही खाती सांभाळली. २०१४ साली जनरल व्ही. के. सिंग गाझियाबादमधून लोकसभेवर निवडून आले. ही परंपरा लहान नाही. तरीही या मंडळींनी संसदेत जाऊन नेमके काय साधले, त्यांच्या लष्करी अनुभवाचा संसदेला कोणता उपयोग झाला, आणि पक्षांनी त्यांच्याकडून काय घेतले व काय नाकारले, याचा हिशेब क्वचितच मांडला जातो. तो मांडायचा झाल्यास मेजर जनरल भुवनचंद्र खंडुरी यांच्या कारकिर्दीइतके बोलके उदाहरण दुसरे मिळणे कठीण आहे.

छत्तीस वर्षांची सेवा

खंडुरी यांचा जन्म १९३४ चा, डेहराडूनचा. १९५४ साली ते सैन्याच्या अभियंता दलात दाखल झाले आणि १९९० साली मेजर जनरल या पदावरून निवृत्त झाले. त्यांच्या शिक्षणाचा एक टप्पा पुण्याच्या लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालयात पार पडला. १९६२, १९६५ आणि १९७१ ही तिन्ही युद्धे त्यांच्या सेवाकाळात येऊन गेली. १९८२ साली त्यांना अतिविशिष्ट सेवा पदक मिळाले. अभियंता दलाचे काम वृत्तपत्रांच्या मथळ्यांत फारसे येत नाही. पूल बांधणे, रस्ते काढणे, सुरुंग पेरणे आणि उचलणे, तळ उभारणे, ही त्याची कामे. दलाने वेळेवर पूल बांधला तर रणगाडे पुढे जातात आणि नाव रणगाड्यांचे होते. पूल वेळेवर झाला नाही तर मात्र दोष दलाचा ठरतो. अशा कामात मुरलेल्या माणसाला घोषणेपेक्षा मोजमाप अधिक भरवशाचे वाटते. खंडुरींच्या पुढच्या आयुष्यातील यश आणि अपयश या दोहोंची बीजे या सवयीत होती.

निवृत्तीनंतर वर्षभरातच, १९९१ साली, ते भारतीय जनता पक्षाच्या वतीने गढवाल मतदारसंघातून लोकसभेवर निवडून आले. निवृत्त अधिकाऱ्याने खाजगी कंपनीत नोकरी धरायची तर सरकारी परवानगीचा आणि ठराविक काळ थांबण्याचा नियम आहे. निवडणुकीसाठी असा कोणताही नियम नाही. तो असावा की नसावा याविषयी मतभेद आहेत. खंडुरींच्या बाबतीत हा आक्षेप फारसा कोणी घेतला नाही, याचे कारण गढवालच्या समाजरचनेत आहे.

गढवालमध्ये सैन्य ही घराघरांतील गोष्ट आहे. गढवाल रायफल्सचे केंद्र असलेले लॅन्सडाउन याच भागात आहे. पहिल्या महायुद्धात व्हिक्टोरिया क्रॉस मिळविणारे दरवानसिंग नेगी आणि गब्बरसिंग नेगी हे याच रेजिमेंटचे. डोंगरउतारावरच्या अरुंद शेतांवर कुटुंब पोसत नाही, म्हणून पुरुष पलटणीत जातो, बायका शेती आणि घर सांभाळतात, आणि महिन्याच्या मनिऑर्डरीवर संसार चालतो. महाराष्ट्राच्या वाचकाला हे चित्र अनोळखी वाटणार नाही. रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या कित्येक गावांनी मुंबईच्या गिरण्यांतून आणि पलटणींतून येणाऱ्या मनिऑर्डरीवरच पिढ्या काढल्या. खंडुरी गढवालमधून निवडून आले त्याच १९९१ च्या निवडणुकीत कोकणातील राजापूर मतदारसंघाने मधु दंडवते यांच्यासारख्या दीर्घकाळच्या, आदरणीय संसदपटूला बाजूला सारून सैन्यातून आलेल्या सुधीर सावंत यांना निवडून दिले. दोन्हीकडची राजकीय कारणे वेगळी होती आणि पक्षही वेगळे होते. परंतु ज्या प्रदेशात सैन्य हे उपजीविकेचे साधन आणि प्रतिष्ठेचे स्थान असते तेथे माजी अधिकारी हा परका उमेदवार ठरत नाही, एवढे या योगायोगावरून म्हणता येते.

या प्रतिष्ठेलाही मर्यादा होत्या. १९९६ साली त्याच गढवालने खंडुरींना पराभूत करून सतपाल महाराजांना निवडले. १९९८, १९९९ आणि २००४ साली मात्र खंडुरी सलग विजयी झाले. मतदारांनी पदकाला सलाम केला, पण पदकाकडे पाहून मत देण्याचे बंधन स्वतःवर घालून घेतले नाही. तसे ते नसावे, हेच योग्य.

रस्त्यांचा मंत्री

नोव्हेंबर २००० मध्ये अटलबिहारी वाजपेयी यांनी खंडुरींना रस्तेवाहतूक खात्याचे स्वतंत्र कार्यभार असलेले राज्यमंत्री केले. २००३ साली त्यांना कॅबिनेट दर्जा मिळाला. दिल्ली, मुंबई, चेन्नई आणि कोलकाता यांना जोडणारा ५,८४६ किलोमीटरचा सुवर्ण चतुष्कोण आणि त्याच्या जोडीला श्रीनगर ते कन्याकुमारी व सिल्चर ते पोरबंदर हे दोन मार्ग, असा तो प्रचंड कार्यक्रम होता. पायाभरणी जानेवारी १९९९ मध्ये झाली होती. पैशाची तजवीज पेट्रोल-डिझेलवरील उपकरातून करण्यात आली होती. राहिले होते ते प्रत्यक्ष काम, आणि भारतात सार्वजनिक कामे नेमकी याच पायरीवर अडतात. जमीन संपादन, वाटेत येणारी झाडे आणि विजेचे खांब, गावोगावची देवळे आणि मशिदी, राज्य सरकारांची चालढकल आणि कंत्राटदारांची दिरंगाई, या साऱ्यांतून रस्ता काढणे हे अभियंता दलाच्या जुन्या कामाहून फारसे निराळे नव्हते. तेव्हा शत्रू समोर असे. येथे तो फाइलीत दडलेला होता.

या काळात कामाला जो वेग आला त्याचे श्रेय विरोधकांनीही खंडुरींना नाकारले नाही. मुंबई-चेन्नई बाजूवर पुणे, सातारा, कऱ्हाड, कोल्हापूर हा टप्पा येतो. खंबाटकीचा घाट ओलांडून दक्षिणेकडे जाणाऱ्या ज्या प्रवाशांनी पूर्वीचा दुपदरी रस्ता अनुभवला आहे त्यांना या योजनेने काय बदलले हे वेगळे सांगण्याची गरज नाही. पण हिशेब मांडायचा तर पुरता मांडला पाहिजे. चतुष्कोण २००३ च्या अखेरीस पूर्ण करण्याचे उद्दिष्ट होते. प्रत्यक्षात तो पूर्ण झाल्याचे जाहीर व्हायला २०१२ साल उजाडले.

त्याहून गंभीर नोंद आणखी एक आहे. राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणातील सत्येंद्र दुबे या तरुण अभियंत्याने बिहारमधील टप्प्यावरच्या गैरव्यवहारांविषयी २००२ साली पंतप्रधानांना पत्र लिहिले आणि आपले नाव गुप्त ठेवण्याची विनंती केली. ते पत्र त्याच्या नावासह कार्यालयांतून फिरत राहिले. २७ नोव्हेंबर २००३ रोजी गया येथे त्याची हत्या झाली. २०१० साली न्यायालयाने तिघांना दोषी ठरविले तेव्हा हा लुटीतून घडलेला खून मानला गेला. तथापि सत्य सांगणाऱ्याचे नाव राखण्याची व्यवस्था सरकारजवळ नव्हती, ही गोष्ट त्याने लपत नाही. खून होईपर्यंत हा दोष कोणाला दिसला नव्हता. त्यानंतर २००४ साली तक्रारदाराची ओळख राखणारा सरकारी ठराव आला आणि पुढे २०१४ साली कायदा झाला. खंडुरींच्या स्वतःच्या सचोटीविषयी शंका घेण्यास जागा नाही. पण वरिष्ठ स्वच्छ असला म्हणजे खालची यंत्रणा आपोआप स्वच्छ होते, ही सैनिकी श्रद्धा राज्यकारभारात पुरी पडत नाही, हा धडा त्या प्रकरणातून मिळतो. पलटणीत शिस्त वरून खाली झिरपते. सरकारी खात्यात ती नियमांनी, दप्तरांनी आणि दंडाने बांधावी लागते.

आज्ञा आणि अनुनय

हा धडा डेहराडूनमध्ये दुसऱ्या रूपाने पुढे आला. उत्तराखंड राज्य नोव्हेंबर २००० मध्ये अस्तित्वात आले. २००७ च्या विधानसभा निवडणुकीनंतर पक्षाने मुख्यमंत्रिपदासाठी खासदार खंडुरींची निवड केली. ते आमदार नव्हते, म्हणून जागा हवी होती. ती मोकळी करून दिली धुमाकोटचे काँग्रेसचे आमदार, लेफ्टनंट जनरल तेजपालसिंग रावत यांनी. त्यांनी आमदारकी सोडली, पक्षही सोडला, आणि २००८ च्या पोटनिवडणुकीत ते खंडुरींनी रिकाम्या केलेल्या गढवालच्या जागेवरून भारतीय जनता पक्षाचे खासदार झाले. दोन निवृत्त सेनाधिकाऱ्यांमध्ये झालेली ही जागांची अदलाबदल कायद्यात बसणारी होती. परंतु राजकारणात उतरलेला सैनिक राजकारणाच्या सर्वसामान्य रीतीभातींपासून अलिप्त राहतो, असे मानणाऱ्यांनी ती लक्षात ठेवावी.

मुख्यमंत्री म्हणून खंडुरींनी खर्चाला कात्री लावली, बदल्या आणि नेमणुकांतील वशिल्याला आळा घालण्याचा प्रयत्न केला, आणि स्वतःच्या आमदारांना दुखावले. मुख्यमंत्र्याला भेटणे अवघड, त्याच्याकडून काम करून घेणे त्याहून अवघड, अशी तक्रार पक्षातच सुरू झाली. पुढे २०१९ ते २०२३ या काळात महाराष्ट्राचे राज्यपाल झालेले भगतसिंग कोश्यारी हे त्यावेळी राज्यातील पक्षाचे दुसरे मोठे नेते होते, आणि त्यांच्या समर्थकांचा गट खंडुरींवर नाराज होता. २००९ च्या लोकसभा निवडणुकीत पक्षाने राज्यातील पाचही जागा गमावल्या आणि खंडुरींना पद सोडावे लागले. सेनापतीला सैनिक लाभतात, मुख्यमंत्र्याला सहकारी मिळवावे लागतात. आज्ञेच्या सवयीला अनुनयाची कला अवगत होण्यास वेळ लागतो, आणि राजकारण तेवढा वेळ देतेच असे नाही.

तरीही पक्षाला त्यांची गरज पुन्हा भासली. रमेश पोखरियाल निशंक यांच्या सरकारवर भ्रष्टाचाराचे आरोप झाले, निवडणूक जवळ आली, आणि सप्टेंबर २०११ मध्ये खंडुरी पुन्हा मुख्यमंत्री झाले. तो काळ अण्णा हजारे यांच्या आंदोलनाचा होता. राळेगणसिद्धीच्या या माजी सैनिकाने दिल्लीच्या रामलीला मैदानावर उपोषण करून लोकपालाचा प्रश्न देशापुढे ठेवला होता. नोव्हेंबर २०११ मध्ये खंडुरी सरकारने मुख्यमंत्र्यालाही चौकशीच्या कक्षेत आणणारे लोकायुक्त विधेयक विधानसभेत संमत करून घेतले, आणि हजारे यांनी त्याची वाखाणणी केली. एका माजी सैनिकाची मागणी दुसऱ्याने विधानसभेत मान्य करून घेतली, असे म्हणता येईल.

२०१२ च्या निवडणुकीत ‘खंडुरी है जरूरी’ ही पक्षाची घोषणा होती. निकाल लागला तेव्हा सत्तर जागांच्या सभागृहात काँग्रेसला ३२ आणि भारतीय जनता पक्षाला ३१ जागा मिळाल्या होत्या, आणि स्वतः खंडुरी कोटद्वारमधून पराभूत झाले होते. ज्याच्या नावावर पक्ष सत्तेच्या एवढा जवळ पोहोचला तोच सभागृहाबाहेर राहिला. सत्तेवर आलेल्या काँग्रेस सरकारने पुढे तो लोकायुक्त कायदा बाजूला सारून २०१४ साली वेगळा कायदा केला. नाव वापरायचे, मात्र त्या नावाने सुचविलेली शिस्त स्वीकारायची नाही, हा व्यवहार खंडुरींच्या वाट्याला येथे पहिल्यांदा ठळकपणे आला. तो शेवटचा ठरला नाही.

समितीतील चार वर्षे

२०१४ साली गढवालने त्यांना पाचव्यांदा लोकसभेत पाठविले. वय ऐंशीच्या घरात होते. मंत्रिमंडळात स्थान मिळाले नाही. संरक्षणविषयक स्थायी समितीचे अध्यक्षपद मिळाले. राजकीय निरीक्षकांनी ही सन्मानाने केलेली बोळवण मानली. प्रत्यक्षात खंडुरींच्या संसदीय कारकिर्दीतील सर्वांत मोलाचे काम याच पदावर झाले.

खात्यांशी निगडित स्थायी समित्यांची ही पद्धत १९९३ साली सुरू झाली. लोकसभेचे २१ आणि राज्यसभेचे १० असे ३१ सदस्य एका समितीत असतात. मंत्री तिचा सदस्य होऊ शकत नाही. बैठका बंद दाराआड होतात, वृत्तपत्रे नसतात, गॅलरी नसते, म्हणून भाषणबाजीलाही फारसे कारण नसते. सर्व पक्षांचे सदस्य एकत्र बसून खात्याच्या मागण्यांची छाननी करतात, आणि अहवाल शक्यतो एकमताने तयार होतो. शिफारशी सरकारवर बंधनकारक नसतात. परंतु संरक्षणाच्या बाबतीत या समितीचे महत्त्व निराळे आहे. सेवेतील अधिकारी वृत्तपत्रांशी बोलू शकत नाही, सभेत बोलू शकत नाही, मंत्र्याच्या विरोधात तोंड उघडू शकत नाही. आपल्या दलाजवळ काय आहे आणि काय नाही हे लोकप्रतिनिधींना समक्ष सांगण्याची जी थोडी अधिकृत ठिकाणे त्याला उपलब्ध आहेत त्यांत ही समिती प्रमुख होय. तेथे अध्यक्षाच्या खुर्चीत बसलेल्या माणसाला दारूगोळ्याचा साठा म्हणजे काय, तोफेचे आयुष्य किती, आणि कागदावरची तरतूद प्रत्यक्षात पलटणीपर्यंत पोहोचताना किती झिजते, हे ठाऊक असले की साक्षीचे स्वरूपच बदलते. उत्तर टाळणे अवघड होते.

मार्च २०१८ मध्ये या समितीने संसदेला सादर केलेल्या अहवालांत हे दिसून आले. लष्कराच्या उपप्रमुखांनी समितीपुढे सांगितले की सैन्याजवळच्या शस्त्रसामग्रीपैकी ६८ टक्के जुनाट वर्गात मोडते, २४ टक्के चालू काळातील आहे, आणि अत्याधुनिक म्हणता येईल अशी केवळ ८ टक्के आहे. सुसज्ज सैन्यात हे तीन वर्ग साधारण एकेक तृतीयांश असावेत अशी अपेक्षा असते. २०१८-१९ च्या अर्थसंकल्पात आधुनिकीकरणासाठी २१,३३८ कोटी रुपये ठेवण्यात आले होते. उलटपक्षी आधीच चालू असलेल्या १२५ योजनांची बांधील देणीच २९,०३३ कोटींची होती. म्हणजे नव्या खरेदीची गोष्ट दूर, जुन्या उधारीचीही पुरती फेड होणार नव्हती. समितीने या स्थितीविषयी आपली नाराजी स्पष्ट शब्दांत नोंदविली.

हे आकडे एखाद्या विरोधी सदस्याने भाषणात सांगितले असते तर त्याच्या देशभक्तीचीच चर्चा झाली असती. ते सत्तारूढ पक्षाच्या, अतिविशिष्ट सेवा पदक मिळविलेल्या मेजर जनरलच्या अध्यक्षतेखालील समितीच्या अहवालातून आले, म्हणून त्यांना सहजासहजी उडवून लावता आले नाही. माजी सेनाधिकाऱ्याचा संसदेला होणारा खरा उपयोग तो हा. तो सीमेवरील शौर्याच्या आठवणी सांगतो म्हणून मोठा नाही. सीमेवर उभ्या असलेल्या माणसाच्या हातात काय आहे हे तो विचारू शकतो आणि मिळालेले उत्तर त्याला समजते, म्हणून मोठा.

सप्टेंबर २०१८ मध्ये समित्यांची फेररचना झाली तेव्हा अध्यक्षपदी खंडुरींच्या जागी कलराज मिश्र आले. समितीची मुदत एक वर्षाची असते आणि दरवर्षी फेररचना होते, त्यामुळे नियमाच्या दृष्टीने यात वावगे काही नव्हते. अहवालाचीच ही किंमत होती, असा आरोप विरोधकांनी जाहीरपणे केला. मार्च २०१९ मध्ये खंडुरींचे पुत्र मनीष काँग्रेसमध्ये दाखल झाले तेव्हा हाच मुद्दा पुढे करण्यात आला. ते गढवालमधून निवडणूक लढले आणि पराभूत झाले. २०२४ साली ते भारतीय जनता पक्षात गेले. कन्या ऋतू खंडुरी २०२२ साली उत्तराखंड विधानसभेच्या अध्यक्ष झाल्या. घराण्याच्या या वाटा-वळणांवरून आरोपाचा निवाडा होणार नाही, आणि तो येथे करण्याचे प्रयोजनही नाही. ज्या अध्यक्षाने साक्षीदाराकडून सर्वांत अप्रिय सत्य काढून घेतले त्याला त्या पदावर ठेवण्याची निकड कोणालाही वाटली नाही, ही वस्तुस्थिती पुरेशी बोलकी आहे.

दोन प्रकारची शिस्त

येथे एक आक्षेप विचारात घ्यावयास हवा. शस्त्रसामग्रीतील उणिवा अशा चव्हाट्यावर मांडल्याने शत्रूला लाभ होत नाही काय? हा प्रश्न प्रामाणिकपणे विचारला जातो, आणि युद्धाच्या डावपेचांबाबत, तैनातीबाबत, गुप्तवार्तांबाबत त्याचे उत्तर होकारार्थीच आहे. त्या गोष्टी समितीच्या अहवालात येतही नाहीत. परंतु कोणती तोफ किती जुनी आहे हे शेजारी राष्ट्रांच्या लष्करांना आपल्या खासदारांपेक्षा अधिक चांगले माहीत असते. उणीव झाकून ठेवली तर ती फक्त एकाच घटकापासून झाकली जाते, आणि तो घटक म्हणजे खर्चाला मंजुरी देणारी जनता. १९६२ साली नेफामध्ये सैनिक अपुऱ्या कपड्यांनिशी आणि जुन्या बंदुकांनिशी लढले. त्या आधीच्या वर्षांत संसदेत हे प्रश्न पुरेशा जोराने आणि पुरेशा माहितीने विचारले गेले असते, तर यशवंतराव चव्हाणांना दिल्लीत पोहोचल्यावर सैन्याची पुन्हा उभारणी करण्याचे काम तितक्या तळापासून करावे लागले नसते.

दुसरा आक्षेप शिस्तीचा. सैनिकाने पक्षात आल्यावर पक्षाची शिस्त पाळावी, असे म्हटले जाते. पण लष्करातील आज्ञापालनाचा अर्थही नीट समजून घेतला पाहिजे. लष्कर कायद्याने शिक्षा सांगितली आहे ती कायदेशीर आज्ञा मोडण्याबद्दल. ‘कायदेशीर’ हा शब्द तेथे जाणीवपूर्वक घातलेला आहे. शिवाय कोणत्याही चांगल्या पलटणीत निर्णय होण्यापूर्वी कनिष्ठ अधिकाऱ्याने आपले मत आणि खरी परिस्थिती वरिष्ठापुढे ठेवणे हे त्याचे कर्तव्यच मानले जाते. खोटा अहवाल देणारा अधिकारी शिस्तप्रिय ठरत नाही, तो गुन्हेगार ठरतो. उलट १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यानंतर खासदाराला पक्षादेशाविरुद्ध मत देणे म्हणजे सदस्यत्व पणाला लावणे झाले आहे. पक्षादेश न्याय्य आहे की नाही हे विचारण्याची सोय त्यात नाही. तेव्हा सैन्यातून संसदेत आलेल्या माणसाला शिस्तीचे धडे देण्यापूर्वी राजकीय पक्षांनी त्याच्याकडूनच काही धडे घेणे उचित होईल. पक्षादेश ज्या दारापाशी थांबतो असे संसदेतील एकच दालन उरले आहे, ते म्हणजे समितीचे. ते तरी मोकळे राहिले पाहिजे.

राजकीय पक्षांना माजी सैनिक उमेदवार म्हणून हवा असतो, यात आता नवे काही राहिलेले नाही. प्रचारपत्रकावर पदके शोभतात, व्यासपीठावर ताठ उभी असलेली आकृती मतदाराला विश्वास देते. परंतु या वेषाभोवतीच्या आदरातून मते काढून घ्यायची आणि त्या वेषाने शिकविलेली सत्य सांगण्याची सवय मात्र नकोशी मानायची, हा व्यवहार सैन्याच्याही हिताचा नाही आणि संसदेच्याही नाही. निवृत्तिवेतन, दारूगोळा, २०२२ मध्ये आलेल्या अग्निपथ योजनेसारखे भरतीतील मूलभूत बदल, हे विषय गढवालच्या, साताऱ्याच्या आणि कोकणच्या हजारो घरांशी थेट जोडलेले आहेत. त्यांची छाननी करण्यास जाणकार लागतात, आणि जाणकाराला बोलण्याची मोकळीक लागते.

खंडुरी यांच्या कारकिर्दीत पराभव आहेत, विसंगती आहेत, राजकारणाच्या नेहमीच्या तडजोडीही आहेत. रस्ते त्यांच्या नावावर जमा होतील आणि मुख्यमंत्रिपदाच्या दोन अपुऱ्या कारकिर्दींविषयी मतभेद राहतील. पण एका माजी सेनाधिकाऱ्याने संसदेत जाऊन काय करावे, या प्रश्नाचे त्यांनी दिलेले सर्वांत स्पष्ट उत्तर २०१८ च्या त्या अहवालात आहे. एखाद्या मतदारसंघापुढे पुढील निवडणुकीत असा उमेदवार उभा राहील तेव्हा त्याला कोणते पदक मिळाले आहे हे मतदारांनी जरूर विचारावे. त्याहीपेक्षा, संसदेत गेल्यावर तो स्वतःच्या पक्षाच्या मंत्र्याला कोणता प्रश्न विचारणार आहे, हे आधी विचारावे.